हौसाबाईचा दगड

आमच्या सासूबाईंना रिकामं बसलेलं कुणी पाहिलेलं नाही. आम्ही त्यांना आत्या म्हणतो, गाव जाईबाई म्हणतं. शेंगा सोलतील, तांदूळ निवडतील, काहीच नसलं तर अंगणातलं गवत उपटतील. पाहुणा समोर बसून चहा पीत असला तरी यांचे हात चालूच. लग्न होऊन मी कासारसाईला आले त्याच आठवड्यात एकदा खिडकीशी नुसती उभी होते, तर मागून आवाज आला, "रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी." वळून बघितलं तर आत्या लसूण सोलत होत्या.

म्हणून या बाईला विरंगुळा ठाऊक नव्हता असं समजाल तर फसाल. भरपूर होता, फक्त कामाच्या पोटात लपवलेला असायचा. आमच्याकडं बाईनं नुसतं बसायची पद्धतच नव्हती. गप्पा मारायच्या तर मांडीवर सूप पाहिजे, हसायचं तर समोर निवडायची भाजी पाहिजे, आणि रडायचं झालं तर चूल पेटवायला घ्यायची, म्हणजे धूर डोळ्यांत गेला असं सांगता येतं. आत्यांनी आपला विरंगुळा धुण्यात लपवला होता.

धरणाच्या खालच्या अंगाला एक ओढा आहे. तिथं बायकांचे धुण्याचे दगड आहेत, प्रत्येकीचा ठरलेला. नवी सून आली की सासूनं तिला पाण्यावर न्यायचं, "ह्यो तुजा" म्हणून दगड दाखवायचा, आणि मग तिच्या जन्मात त्यावर दुसरं कुणी बसायचं नाही. ती गेली किंवा अंथरुणाला खिळली की मगच तो दगड दुसरीला द्यायचा. जमिनीच्या बांधावरून आमच्या गावात डोकी फुटली आहेत, पण या दगडांवरून कुणाचं भांडण झालेलं माझ्या तरी ऐकण्यात नाही. आत्यांचा दगड जांभळीखाली होता. त्याच्याशेजारी, हातभर अंतरावर, हौसाबाईंचा.

हौसाबाई आत्यांची मैत्रीण. दोघी एकाच साली लग्न होऊन गावात आल्या. नातं काही नाही, भावकीही वेगळी, दगड तेवढे शेजारी आले. त्यावर चाळीसेक वर्षं दोघी बोलत राहिल्या. कुणाची म्हैस आटली, कुणाच्या सुनेला दिवस गेले, कुणाचा नवरा पिऊन कुठं पडला, सगळं. आणि घरात कुणाला सांगता येत नाही तेही. आत्यांनी मला त्यांच्याच अलीकडचा दगड दिला होता, त्यामुळं माझ्या कानावर पडायचं. आत्यांचं पहिलं मूल जन्मून दोन दिवसांत गेलं, ही गोष्ट त्यांच्या मुलाला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, अजून माहीत नाही. मला माहीत आहे, कारण एकदा चादरीला साबण लावता लावता त्या हौसाबाईंना म्हणाल्या, "आज असता तर त्याची पोरं साळंत जात असती गं." हौसाबाईंनी मान वर केली नाही. हातातला शर्ट जरा हळू आपटला, एवढंच.

ओढ्यावरची रीतच तशी आहे. कुणी जड काही बोललं की तिच्याकडं बघायचं नाही, आपल्या कपड्याकडं बघायचं. बोलणारीही कपड्याकडंच बघत बोलते.

मग आमच्याकडं वॉशिंग मशिन आलं. हिंजवडीच्या कंपन्यांत काम करणारी पोरं आमच्या मागच्या खोल्यांत भाड्यानं राहतात, त्या भाड्यातून जयसिंगनं, माझ्या नवऱ्यानं, घेतलं. आत्यांनी मशिनला हळदकुंकू वाहिलं, वर विणलेला रुमाल टाकला, आणि दुसऱ्या दिवशी पाटी डोक्यावर घेऊन ओढ्याला निघाल्या.

"आई, लोक काय म्हनतील?" जयसिंग चिडला. "घरात मशिन असून म्हातारीला वढ्यावर धाडत्यात म्हनतील."

"लोकास्नी सांग, मशिनमधी गोधडी मावत न्हाई."

पाटीत गोधडी नव्हती. दोन टॉवेल होते आणि माझा एक गाऊन.

बाकीच्या बायकांना मात्र ओढ्यावरून आधी मशिननं उठवलं आणि मग फोननं घरी बसवून ठेवलं. आता इथं मला माझ्या बाजूनं थोडं बोलू द्या, कारण शहाणी माणसं फोनवर बोलायला लागली की माझं डोकं फिरतं. म्हणे बायका फोनमुळं बिघडल्या. पारावर गडी सकाळपासून पत्ते कुटत बसतात, त्यांना कुणी बिघडलेले म्हणत नाही. दुपारी भांडी झाली की मी भिंतीला टेकून फोन बघते. कुणी मटण कसं केलं ते बघते, राजस्थानातली कुणी बाई तिचं घर कसं सारवते ते बघते, एक जाडा पोरगा आपल्या आईची नक्कल करतो त्याला एकटीच खदाखदा हसते. त्या तासाभरात काही सोलायचं नसतं, निवडायचं नसतं, पुसायचं नसतं. असा तास माझ्या आईला मिळाला नाही, तिच्या आईला तर नाहीच. मला तो आवडतो आणि मी तो सोडणार नाही.

तरी सुरुवातीला मीही सूप घेऊनच बसायचे. फोन डब्याला टेकवायचा, सुपात तांदूळ, आणि पाऊल वाजलं की बोटं तांदळात. एक दिवस आत्यांनी सूप उचलून बघितलं. "ह्येच तांदूळ सोमवारपासनं निवडतीयास," त्या म्हणाल्या, "आता शिजव तरी." तेव्हापासून मी सूप घेणं सोडून दिलं.

"हात मोकळं सोडून हसायला लाज कशी वाटत न्हाई गं तुमाला?" असंही त्या विचारायच्या. त्यात टोमणा कमी आणि नवल जास्त असायचं.

शेजारची सृष्टी, नवीच सून, एकदा ओढ्यावर आली होती. नऊवारी नेसून, नाकात नथ घालून, धुण्याचं रील करायला. तिनं कोरड्या कपड्याला साबण घासायला घेतला तशा हौसाबाई ओरडल्या, "आगं आदी पानी तर लाव!" ते ओरडणं रीलमध्ये गेलं, आणि लोकांना म्हणे तेच सगळ्यात आवडलं. दोघी म्हाताऱ्या कितीतरी दिवस त्यावर हसत होत्या. तोवर ओढ्यावर येणाऱ्या त्या दोघीच उरल्या होत्या, पण दोघी होत्या तोवर त्यांना बाकीच्यांची उणीव नव्हती.

गेल्या उन्हाळ्यात हौसाबाई नातीच्या वाढदिवसाला जांब्याला गेल्या. त्यांच्या मुलाचा, इंद्रजितचा, तिथं फ्लॅट आहे. सगळा जन्म शेवाळलेल्या दगडांवरून डोक्यावर ओली पाटी घेऊन चालली ही बाई, कधी पाय घसरला नाही. मुलाच्या बाथरूममधल्या चकचकीत फरशीवर पडली. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, हातात वॉकर आला. गावच्या घराला उंच पायऱ्या आणि संडास परसात, म्हणून हौसाबाई जांब्यालाच राहिल्या.

कासारसाईहून जांबे काही लांब नाही. जयसिंग मोटारसायकलवर रोज तिथून जातो-येतो. पण बाई घराबाहेर पडायची तर अंतर विचारत नाहीत, कारण विचारतात. लग्न असलं तर ती सोलापूरला जाईल, कुणी गेलं तर निरोप येताच साताऱ्याला जाईल. पण मैत्रिणीशी बोलायला म्हणून मोकळ्या हातानं सहा किलोमीटर? असं जाताना मी कुणाला पाहिलं नाही. आजारपणाचं निमित्त होतं तेव्हा आम्ही एकदा भेटून आलो. दोघी सोफ्यावर शेजारी बसल्या, हातात बिस्किटांच्या बश्या. हौसाबाई म्हणाल्या, "चा घे." आत्या म्हणाल्या, "घेतला की." परत येताना आत्या गाडीच्या काचेतून बाहेर बघत होत्या. "लई बारीक झालीया," एवढंच बोलल्या.

पावसाळा लागल्यावर एक दिवस त्यांनी हळूच विचारलं, "तुजा त्यो जुना फोन हाय न्हवं?"

मी चाटच पडले. इतकी वर्षं त्या फोनला त्या अवदसा म्हणत होत्या. मी तो चालू करून दिला, हौसाबाईंचा फोटो लावला, त्यावर बोट टेकलं की कॉल लागेल असं करून ठेवलं.

त्या पहिल्या कॉलची तयारी बघण्यासारखी होती. आत्यांनी ठेवणीतलं लुगडं नेसलं, केसांना तेल लावलं, पदर दोन्ही खांद्यांवर घेतला आणि प्लास्टिकच्या खुर्चीत फोटोला बसतात तशा बसल्या. तिकडं हौसाबाईंनाही त्यांच्या सुनेनं अशीच पावडर-बिवडर लावून बसवलं होतं. दोघींची तोंडं समोरासमोर आली.

"जेवलीस का?"

"जेवले. तू?"

"जेवले."

"पाऊस हाय का तितं?"

"हाय की. तुमच्याकडं?"

"हितं बी हाय."

मग दोघी गप्प. एकमेकींकडं टक लावून गप्प. आत्यांनी पदर सारखा केला, तर तिकडं हौसाबाईंनीही केला. कॉल बंद कसा करायचा ते दोघींनाही येत नव्हतं, त्यामुळं तो गप्पपणा बराच लांबला. शेवटी मीच बंद केला. दुसऱ्या वेळी तेच, तिसऱ्या वेळीही तेच. जेवण झालं, पाऊस झाला, बोलणं संपलं.

"ती बदलली गं," आत्या मला म्हणाल्या. "फ्लॅटात गेली. आता गावातली बाई कशाला लागतीया तिला?"

"अहो, आजारी आहेत त्या."

"आजारी मानूस असं बघत न्हाई. पावन्यावानी बघती."

श्रावणात कॉल कमी झाले, गणपतीत बंदच पडले. एक दिवस हौसाबाईंच्या सुनेनं मला फोन केला. "वहिनी, जाईमावशी रागावल्या आहेत का हो? आई सारख्या म्हणतात, मी लंगडी झाले म्हणून तिनं मला टाकलं." ऐकून मला दोघींचाही राग आला. कडाकडा भांडून मैत्री मोडली असती तर एक वेळ समजलं असतं. ही चांगली रेंज असताना, जेवलीस का विचारता विचारता मोडायला आली होती. मी आत्यांना सुनेचं बोलणं सांगितलं तर त्या म्हणाल्या, "मी कशाला टाकीन? तिनंच टाकलंया." आणि पाटी उचलून ओढ्यावर निघून गेल्या. हल्ली जायच्या, पण लगेच परत यायच्या. मला त्या लगेच परत येण्याची भीती वाटायला लागली. जिच्याशी मन मोकळं करायचं ती एकच बाई त्यांच्या हातून सुटत चालली होती, आणि या वयात दुसरी कुठून मिळणार?

घट बसायच्या आधी आमच्याकडं घरातलं सगळं अंथरूण-पांघरूण धुऊन काढतात. त्याला मशिनचा उपयोग नाही, कारण गोधडी त्यात खरंच मावत नाही. पाऊस उघडलेला बघून मी आणि आत्या गोधड्या घेऊन ओढ्यावर गेलो. मी बऱ्याच महिन्यांनी गेले होते. माझ्या दगडावर शेवाळ चढलं होतं, बाकीच्यांच्या दगडांवर तर गवत आलं होतं. हौसाबाईंचा दगड मात्र घासून काढल्यासारखा स्वच्छ होता. मी आत्यांकडं बघितलं. त्या गोधडी भिजवत होत्या.

अर्धी गोधडी झाली असेल नसेल तोच माझा फोन वाजला. हौसाबाईंची सून. घटाच्या परडीत माती कुठली घालायची ते विचारायला तिनं व्हिडिओ कॉल लावला होता. माझे हात कोपरापर्यंत फेसात. मी बोटाच्या मागच्या बाजूनं कॉल घेतला, आणि फोन ठेवायला कोरडी जागा म्हणून एकच दिसली, हौसाबाईंचा दगड. साबणाच्या डबीला टेकवून ठेवून दिला. त्यात आम्ही कुणीच दिसत नव्हतो, जांभळीची फांदी आणि आभाळ तेवढं दिसत असणार.

"कोन हाय?" आत्यांनी मान वर न करता विचारलं.

"मी हाय. हौसा." सुनेच्या हातातून फोन त्यांनी घेतला होता.

"थांब, गोधडी हातात हाय."

"कुटली? निळ्या काठाची?"

"व्हय."

"तिच्यात माजं लगनातलं लुगडं हाय. जपून आपट."

"मला शिकवतीस व्हय? इतकी वर्सं मीच धुतीया."

"म्हनून तर फाटली."

आणि मग जे सुरू झालं ते थांबेना. कुणाच्या खोल्यांत कोण भाडेकरू आला, फ्लॅटमधल्या बायका लिफ्टमध्येसुद्धा एकमेकींशी कशा बोलत नाहीत, वॉकरला हौसाबाई कशा शिव्या घालतात. मधेच तिकडून खसखस असा आवाज यायला लागला. मला वाटलं रेंज चालली.

"हौसे, काय करतीयास गं?"

"घमेलं मागून घेतलं. खुर्चीत बसून टावेल धुतीया."

"मळलाय व्हय?"

"न्हाई. धुतल्यालाच हाय."

माझा ब्रश हातातच राहिला. इतके दिवस आम्ही काय केलं होतं ते माझ्या तेव्हा ध्यानात आलं. जन्मभर खाली मान घालून बोललेल्या दोन बायकांना आम्ही नटवून समोरासमोर बसवलं होतं, मुलगी दाखवायच्या कार्यक्रमाला बसवतात तसं. तोंडाकडं बघत आणि हात मोकळे ठेवून काय बोलायचं ते त्यांना कसं सुचणार?

"जाई," खसखस चालू ठेवून हौसाबाई म्हणाल्या, "मला वाटलं तू मला टाकलंस."

"मला वाटलं तू."

"आगं तुज्या तोंडाकडं बगितलं की सुचायचंच न्हाई काय. किती म्हातारी दिसतीस तू!"

"आनि तू लई तरनी," आत्या म्हणाल्या, आणि गोधडीवर ओणव्या होऊन इतक्या हसल्या की तिचा एक काठ पाण्याबरोबर चालला, तो मला धावत जाऊन धरावा लागला.

तेव्हापासून रोजचं झालं. आत्या पाटी घेऊन निघतात, पाटीत कपड्यांखाली फोन. ओढ्यावर पोचलं की फोन प्लास्टिकच्या पिशवीत घालून हौसाबाईंच्या दगडावर ठेवायचा, बोट टेकायचं आणि धुवायला बसायचं. तिकडं हौसाबाईंना घमेलं लागतं. "वहिनी, घडी केलेले कपडे पुन्हा भिजवतात हो," असं त्यांची सून तक्रार करते, पण घमेलं देते. एकदा फोन पाण्यात पडला. मी तो तांदळाच्या डब्यात पुरून ठेवला तर आत्या म्हणाल्या, "निवडल्याल्या तांदळात ठिव हां." गावातली पोरं चेष्टा करतात, "हौसाबाई आल्या का आज पाण्यावर?" आत्या म्हणतात, "आलीया. तुज्या आईलाबी धाड." कुणाची आई काही आली नाही. ओढा पुन्हा भरेल असं मला वाटत नाही. मी स्वतःच रोज जात नाही, मला माझी दुपारची भिंत हवी असते.

दिवाळी होऊन ओढ्याचं पाणी उतरायला लागलं होतं. त्या दिवशी मी आत्यांबरोबर होते, उशांचे अभ्रे घेऊन. फोन दगडावर होता, तिकडची खसखस चालू होती.

"इंदरनं गावचं घर भाड्यानं द्यायचं ठरवलंया," हौसाबाई म्हणाल्या. "खोल्या काढनार हाय तितं."

"बरं," आत्या म्हणाल्या.

"डाक्टर म्हनला, पायऱ्या चडायच्या न्हाईत आता. वढ्याचं तर नावच काढू नका म्हनला."

आत्यांनी लुगड्याला साबण लावला. लावलेल्या जागीच पुन्हा लावला.

"मी काय आता येत न्हाई, जाई. माजा दगड तुज्या सुनंला, कल्पनीला दे. तिच्या दगडाला ऊन लई लागतं. आनि पान्यावर रिकामा दगड बरा न्हवं."

मी मान वर केली नाही. हातातल्या अभ्र्याकडं बघत राहिले. आत्यांनी लुगडं पिळलं, परत पाण्यात सोडलं, परत पिळलं.

"न्हाई द्यायचा," त्या म्हणाल्या.

"आगं पर मी येनारच न्हाई तर..."

"त्यो दिला तर तुला ठिवू कुटं?"

तिकडची खसखस थांबली. मला रडू फुटलं. तिथं चूल नव्हती, म्हणून मी ओंजळभर पाणी तोंडावर मारून घेतलं. आत्या खालीच बघत होत्या आणि त्यांचे हात चालू होते.

मग खसखस पुन्हा सुरू झाली.

"जाई," हौसाबाई म्हणाल्या, "काठाला साबन लाव. काठ लई मळत्यात."

"लावतीया," आत्या म्हणाल्या.